छापलेलें पान आणि वाढलेलें पान

आपलें लेखन स्वतःच्या नांवानें महाजालावर ठेवूं इच्छिणाऱ्या मनुष्यास हल्लीं जो तो एकच सल्ला देतो : "वर्डप्रेस टाका आणि मोकळे व्हा." सल्ला देणारा कधीं घरचा भाचा असतो, कधीं शेजारचा अभियंता, कधीं वर्षाची वर्गणी ठरवून वेबसाइटी बांधून देणारा व्यावसायिक; परंतु सल्ल्याचे शब्द बदलत नाहींत. निवृत्त शिक्षकास आपले तीस वर्षांचे स्फुट लेख लोकांपुढें ठेवावयाचे असोत, एखाद्या घराण्यास आजोबांचें प्रवासवर्णन प्रसिद्ध करावयाचें असो, किंवा एखाद्या डॉक्टरीणबाईंस आपल्या अनुभवाच्या चार गोष्टी लिहावयाच्या असोत, औषध सर्वांस तेंच. या मंत्रांतील "मोकळे व्हा" हे जे शेवटचे दोन शब्द, त्यांवरच आमचा मुख्य आक्षेप आहे. या यंत्रणेनें मनुष्य मोकळा होत नाहीं, तो बांधला जातो. आणि ज्या दिवशीं त्याचें लेखन नाहींसें होतें, बहुधा त्याच दिवशीं ही गोष्ट त्याच्या ध्यानांत येते.

वाद समजण्यासाठीं दोन पद्धतींतील भेद आधीं समजला पाहिजे. मराठींत पान या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते दोन्ही येथें नेमके लागू पडतात. एक पान पुस्तकाचें. तें एकदां छापलें कीं छापलें. पुढें वाचणारा एक असो कीं लाख असोत, छापखान्याला पुन्हां तसदी नाहीं. दुसरें पान जेवणाचें. तें पाहुणा दारांत आल्यावर मांडावयाचें. भात एका पातेल्यांतला, वरण दुसऱ्यांतलें, चटणी-कोशिंबीर आणखी कोठली. त्यासाठीं चूल पेटती हवी, आचारी जागा हवा, वाढपी हजर हवा.

डेटाबेसवर चालणारी यंत्रणा ही या दुसऱ्या जातीची, आणि वर्डप्रेस हें तिचें सर्वांत प्रसिद्ध रूप. वाचकानें लेखाचा पत्ता उघडला कीं दूरच्या सर्व्हरवर पीएचपी भाषेंत लिहिलेली एक आज्ञावली जागी होते. ती मायएसक्यूएल नांवाच्या कोठाराकडे धांव घेते. एका तक्त्यांतून शीर्षक व मजकूर, दुसऱ्यांतून विषयवारी, तिसऱ्यांतून वाचकांचे अभिप्राय, चौथ्यांतून साऱ्या मांडणीच्या नोंदी असें एकेक जिन्नस काढून आणते. तें सारें थीम नांवाच्या ताटांत लावते, आणि वाचकापुढें ठेवते. वाचक गेला, पान उचललें. अर्ध्या मिनिटानें दुसऱ्या वाचकानें तोच लेख मागितला तर पुनः पहिल्यापासून तोच खटाटोप. लेखकानें लिहिलेला लेख पान या रूपानें कोठेंच नांदत नसतो. तो एका मोठ्या तक्त्याच्या एका चौकोनांत पडलेला असतो, आणि आज्ञावली, कोठार व थीम हीं तिन्ही एकाच वेळीं धडधाकट असतील तेव्हांच त्याला देह प्राप्त होतो.

पहिल्या जातीच्या पद्धतींत लेखक साध्या मजकुराच्या फाईलींत लिहितो. शीर्षक कोणतें, ठळक शब्द कोणता, एवढें दाखविण्यापुरत्या कांहीं खुणा तो करतो. जॉन ग्रूबर यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेली मार्कडाउन ही अशा खुणांची पद्धति आज सर्वत्र रूढ आहे. मग जेकिल, ह्यूगो, पेलिकन यांसारखें एखादें यंत्र, ज्यास स्टॅटिक साइट जनरेटर म्हणतात, तें लेखकाच्याच संगणकावर एकदां चालवावयाचें. तें साऱ्या फाईली वाचतें, साच्यांत बसवितें आणि पूर्ण झालेलीं पानें एका फोल्डरांत काढून देतें. तो फोल्डर सर्व्हरवर नेऊन ठेवला कीं काम संपलें. सर्व्हरनें मागितलेलें पान उचलून द्यावयाचें, याहून अधिक त्याला कांहीं करावयाचें नसतें, आणि त्यानें कांहीं करूंही नये.

ही पद्धति म्हणजे संगणकवेड्या तरुणांचें नवें फॅड आहे असा एक समज आहे. इतिहास नेमका उलट आहे. महाजालाचा जन्मच छापलेल्या पानांतून झाला. जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९९१ सालीं जी पहिली वेबसाइट खुली केली, ती साध्या फाईलींचा संच होती. तिची १९९२ ची प्रत २०१३ सालीं सर्ननें मूळ पत्त्यावर पुन्हां मांडली, तेव्हां एकवीस वर्षांनंतरच्या ब्राउझरांत ती सुखानें वाचतां आली. पुढें ऑक्टोबर २००१ मध्यें बेन व मीना ट्रॉट या दांपत्यानें जी यंत्रणा काढली, तिचें नांवच मूव्हेबल टाइप, म्हणजे छापखान्यांतले सुटे खिळे! तीही तयार पानेंच काढून ठेवीत असे. तिचा दोष एवढाच कीं, वाचकाचा एक अभिप्राय आला तरी पानें पुन्हां बांधावीं लागत, आणि त्या काळच्या मंद सर्व्हरांवर या कामांत मिनिटेंच्या मिनिटें जात. मे २००३ मध्यें मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनीं एका जुन्या आज्ञावलीवरून वर्डप्रेस उभें केलें. पुनर्बांधणीची कटकट नाहीं आणि उभारणी पांच मिनिटांत, ही त्याची ख्याति झाली. दुसऱ्याच वर्षीं मूव्हेबल टाइपच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर परवान्याच्या आणि मोलाच्या नव्या अटी आल्या. रागावलेले लेखक थव्याथव्यानें उठून वर्डप्रेसकडे गेले. आज जगांतील दर पांच वेबसाइटींपैकीं सुमारें दोन त्याच्यावर चालतात.

म्हणजे वर्डप्रेसचा विजय झाला तो सर्व्हर मंद होते आणि प्रतिस्पर्ध्यानें परवाना महाग केला म्हणून. लेखन ठेवण्यास डेटाबेस ही जागा अधिक योग्य आहे असें त्या वेळीं कोणीं सिद्ध केलें नव्हतें, आणि नंतरही केलेलें नाहीं. आज ह्यूगोसारखें यंत्र हजारों पानें कांहीं सेकंदांत बांधून मोकळें होतें. ज्या अडचणीसाठीं चूल पेटविली ती अडचण केव्हांच गेली. चूल मात्र अहोरात्र जळतेच आहे.

आणि मौज पाहा. वर्डप्रेसवरच्या वेबसाइटी मंद झाल्या कीं त्यांचे जाणते चालक काय करतात? ते कॅश नांवाचें प्लगिन बसवितात. तें काय करतें? एकदां वाढलेलें पान तें फाईल करून बाजूला ठेवतें आणि पुढच्या वाचकास आचाऱ्याला न उठवितां तेंच उचलून देतें. म्हणजे छापलेल्या पानाची निंदा करीत करीत या मंडळींनीं मागच्या दारानें त्यालाच घरांत घेतलें आहे. फरक इतकाच कीं, आमच्या पक्षाला छापखाना पुरतो. यांस स्वयंपाकघर, आचारी, आणि त्याशिवाय छापखाना, असा तिहेरी खर्च पडतो.

मराठी लेखकास या कोठारापासून जो उपद्रव झाला, त्याची इंग्रजींत लिहिणारास कल्पनाही नाहीं. म्हणून येथें थोडें थांबलें पाहिजे. मायएसक्यूएल स्वीडनमध्यें जन्मलें. कोणीं वेगळें न सांगितल्यास मजकूर पश्चिम युरोपच्या लिपींतला आहे असें धरावयाचें आणि त्याचा वर्णक्रम स्वीडिश रीतीनें लावावयाचा, असा त्याचा कित्येक वर्षें परिपाठ होता. वर्डप्रेसही २००७ सालच्या २.२ या आवृत्तीपर्यंत कोठाराला मजकुराची जात स्पष्ट करून सांगत नसे. युनिकोडच्या युटीएफ-८ या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें. वर्डप्रेसनें ते तीन बाइट द्यावे, कोठारानें तीं तीन परकीं अक्षरें समजून ठेवावीं, मागितल्यावर तेच तीन बाइट परत करावे. अशा रीतीनें दोघांच्या चुका एकमेकींस झांकीत आणि वाचकास पान निर्मळ दिसे. घोटाळा उघडा पडे तो होस्टिंग बदलतांना. नवें कोठार अधिक शहाणें निघालें आणि त्यानें त्या परक्या अक्षरांचें इमानेंइतबारें युनिकोडांत रूपांतर केलें, कीं "क"च्या जागीं युरोपांतील तीन चित्रविचित्र अक्षरें, "का"च्या जागीं सहा; साऱ्या लेखाची भुतावळ! जाणत्याच्या हातून हा रोग बरा होतो, नाहीं असें नाहीं. परंतु ज्या बिचाऱ्या लेखकास त्याचें निदान ठाऊक नाहीं, त्यानें आपलें लेखन नासलें असेंच समजावें, हें साहजिक आहे.

एवढ्यानें झालें नाहीं. मायएसक्यूएल ज्याला युटीएफ-८ म्हणे, तें तीन बाइटांपुरतेंच होतें. आणि हल्लीं संभाषणांत जीं हंसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचीं चिन्हें घालतात तीं चार बाइटांचीं. एप्रिल २०१५ मध्यें वर्डप्रेसची ४.२ ही आवृत्ति येईपर्यंत, लेखाच्या मध्यें असला एक चेहरा आला आणि कोठार ढिल्या शिस्तीवर चालत असलें, तर त्या चेहऱ्यापाशीं लेख तोडून पुढील सारा मजकूर टाकून दिला जाई. लेखकास त्याची वार्ताही नसे. आणि पत्त्यांची कथा तर याहून हास्यास्पद आहे. लेखाचा पत्ता ठेवण्यास वर्डप्रेसच्या तक्त्यांत दोनशें चिन्हांची जागा राखलेली आहे. रोमन शीर्षकास ती पुरून उरते. देवनागरीचें एक चिन्ह पत्त्यांत उतरवितांना नऊ रोमन चिन्हांइतकें लांब होतें. मग दोनशांत मावणार किती? बावीस! तेंही काना, मात्रा, वेलांटी हीं निराळीं चिन्हें धरून. मराठी लेखांचे पत्ते शेपूट तुटलेल्या सरड्यासारखे मधेंच संपलेले दिसतात, त्याचें कारण हें आहे.

साध्या फाईलीच्या बाबतींत लेखक आणि अक्षर यांच्यामध्यें असा कोणी दुभाषी नसतो. मात्र केवळ फाईल साधी असली म्हणजे सर्व साधलें, असेंही कोणीं समजूं नये. युनिकोडच्या प्रसारापूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या फॉन्टांच्या खासगी संकेतांत ठेवीत. तो फॉन्ट हरवला कीं फाईल शाबूत असूनही वाचतां येत नसे. तेव्हां फाईल साधी हवी आणि अक्षरही सर्वमान्य हवें. आज या दोन्ही गोष्टी फुकट मिळत असतांना त्या नाकारून दुभाषा पदरीं बाळगावा, हें आम्हांस समजत नाहीं.

आतां पहाऱ्याची गोष्ट. ज्या घरांत स्वयंपाक होतो, त्या घराला मागचें दार असतें. जानेवारी २०१७ मध्यें वर्डप्रेसच्या ४.७ आणि ४.७.१ या आवृत्तींत असें एक दार उघडें राहिल्याचें आढळलें कीं, त्यांतून पासवर्ड नसलेल्या कोणाही परक्या मनुष्यास आंत शिरून दुसऱ्याचा लेख बदलतां यावा. चालकांनीं २६ जानेवारीस तें दार बंद करणारी आवृत्ति काढली. बहुतेकांकडे ती आपोआप पोंचली. ज्यांच्याकडे पोंचली नाहीं, त्यांच्या लक्षावधि पानांवर पुढच्या कांहीं दिवसांत भामट्यांनीं आपलीं नांवें लिहून ठेविलीं. अशा घटनांवरून वर्डप्रेसचे कर्ते अडाणी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं; ते कुशल आहेत आणि दुरुस्तीही तत्परतेनें करतात. पण आपल्या आईच्या आठवणी किंवा चार कविता लोकांस वाचावयास देण्यासाठीं मनुष्यानें आयुष्यभर दारावर पहारा करीत कां बसावें? छापलेल्या पानांच्या फोल्डरालाही चोर येऊं शकतो, पण त्याला सर्व्हरचें कुलूपच फोडावें लागेल. लेखाला स्वतःचें असें दार नाहीं.

रसद पुरविणाऱ्यांचीं भांडणेंही अशाच घरांस भोंवतात. सप्टेंबर २०२४ मध्यें वर्डप्रेसचे एक जनक मलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यांत तंटा जुंपला, आणि प्लगिनांच्या दुरुस्त्या जेथून येतात ती वाट त्या कंपनीच्या सर्व्हरांस एकाएकीं बंद करण्यांत आली. डिसेंबरांत कॅलिफोर्नियांतील न्यायालयानें ती पुन्हां उघडावयास लावली. खरें कोणाचें याचा निवाडा करण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. ज्यांचा या तंट्याशीं कांहींही संबंध नव्हता असे कित्येक वेबसाइटवाले त्या दिवसांत कोणाच्या तरी मर्जीकडे डोळे लावून बसले, एवढें पुरे आहे. रोजची रसद लागणारा किल्ला नेहमीं असाच पडतो.

परंतु हे सर्व मुद्दे एका बाजूला ठेवले तरी चालतील. खरा प्रश्न लेखकाच्या मागें काय राहतें हा आहे. राजवाड्यांनीं १८९८ पासून "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" खंडाखंडानें छापण्यास आरंभ केला. त्यासाठीं गांवोगांव हिंडून जीं दप्तरें त्यांनीं गोळा केलीं, तीं कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटाऱ्यांत, कित्येक पिढ्या कोणीं हात न लावलेलीं अशीं पडून होतीं. कसर लागली, पाणी लागलें, रद्दींतही गेलीं. पण जीं उरलीं तीं मोडी वाचणारा मनुष्य भेटतांच बोलूं लागलीं. मधल्या शंभर वर्षांत त्यांच्यासाठीं कोणीं एक पैचा खर्च केला नव्हता. १८६७ सालीं निघालेल्या "विविधज्ञानविस्तारा"चा जुना अंक आज हातीं आला, तर तो वाचण्यासाठीं त्याचा छापखाना चालू असावा लागत नाहीं. लेखनाचा हा जो धर्म, कीं त्यानें स्वस्थ पडून राहावें, वाट पाहावी आणि वाचक आला कीं उघडावें, तोच डेटाबेसच्या यंत्रणेंत नष्ट होतो. बेवारशी पोथी धूळ खात पडते. बेवारशी वर्डप्रेस दोन-तीन वर्षांत भामट्यांचा अड्डा तरी होतें, किंवा बंद तरी पडतें. डिसेंबर २०१५ मध्यें पीएचपीची सातवी आवृत्ति आली, तेव्हां कोठाराशीं बोलण्याची जुनी भाषाच तींतून काढून टाकली गेली. ती जुनी भाषा बोलणाऱ्या थीम आणि प्लगिनें नव्या सर्व्हरवर मुकीं झालीं. लेखांत एक अक्षरही चुकलेलें नसतांना लेख दिसेनासा व्हावा, हा प्रकार छापखान्याच्या साऱ्या इतिहासांत कोणीं ऐकला नसेल.

एखाद्या घरचा लेखक वारतो. होस्टिंगची वर्गणी त्याच्या कार्डावर होती; तें कार्ड बंद झालें. पत्रें येतात तीं त्याच्या ईमेलवर, आणि तिचा पासवर्ड कोणास ठाऊक नाहीं. मुदत संपते, सर्व्हरवरचें खातें पुसलें जातें, आणि त्यासवें कोठारही जातें. समजा, तो मनुष्य दूरदर्शी होता आणि त्यानें बॅकअप घरीं ठेवला होता. मुलीच्या हातीं काय येतें? एक अजस्र फाईल, जींत लेख, अभिप्राय, मांडणीच्या नोंदी आणि बाजारी जाहिरातवाल्यांनीं टाकलेला कचरा हें सारें कोठाराच्या आज्ञांच्या भाषेंत एकत्र कोंबलेलें. ती जिवंत करावयाची तर मायएसक्यूएल उभारा, त्या काळची पीएचपी शोधा, थीम मिळवा. दुसऱ्या घरीं असाच लेखक वारतो आणि त्याच्या संगणकावर एक फोल्डर सांपडतो. त्यावर टिचकी मारली कीं इंटरनेट नसतांनाही पहिलें पान उघडतें, त्यावरून दुसरें, आणि वडिलांचे तीनशें लेख जसेच्या तसे समोर येतात. डोमेनची वर्गणी न भरल्यास या दुसऱ्या लेखकाची वेबसाइटही जगास दिसेनाशी होईल, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती घरांत राहील, आणि वाटेल त्या दिवशीं, वाटेल त्या सर्व्हरवर, तासाभरांत पुन्हां उभी राहील.

आणखी एक गोष्ट येथें लक्षांत घ्यावी. १९९६ पासून महाजालाच्या प्रती जतन करणारें इंटरनेट आर्काइव्ह वेबसाइटींचें काय जतन करतें? पानें. कोठारें त्याच्या हातीं लागतच नाहींत. म्हणजे वर्डप्रेसवरील लेखाला मरणोत्तर जी कांहीं गति मिळते, तीही छापील पान होऊनच. जिवंतपणींच तें रूप दिल्यास काय बिघडतें?

विरोधकांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. वाचकांच्या अभिप्रायांचें काय, हा पहिला. अभिप्रायांच्या नांवाखालीं जो जाहिरातींचा लोंढा येतो, तो गाळण्यासाठीं २००५ पासून अकिस्मेट नांवाची निराळी चाळणी पदरीं बाळगावी लागते, यावरूनच त्या सोयीचें मोल ओळखावें. मासिकांचे वाचक संपादकांस पत्रें लिहीत आणि त्यांतलीं वाचनीय तीं निवडून छापलीं जात. लेखाखालीं आपला ईमेलचा पत्ता द्यावा. ज्याला खरेंच कांहीं सांगावयाचें आहे तो लिहील, आणि तें चांगलें असेल तर लेखकानें लेखाखालीं छापावें. वृत्तपत्रें, दुकानें, जेथें पन्नास लेखक एकाच वेळीं लिहितात आणि घटकेघटकेला पानें बदलतात अशा संस्था, यांस डेटाबेसवांचून चालणार नाहीं, हा दुसरा आक्षेप. तो खरा आहे. त्यांच्याविषयीं आमचा तंटाच नाहीं. लग्नघरीं आचारी लागतात, म्हणून एकट्या मनुष्यानेंही चार आचारी ठेवावे काय?

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. हीं पानें घडविणारीं यंत्रें सामान्य मनुष्यास चालवितां येत नाहींत. काळ्या चौकटींत आज्ञा टंकाव्या लागतात. वर्डप्रेसमध्यें तसें नाहीं, तेथें लिहावें आणि एक बटण दाबावें. हें खरें आहे, आणि याचा दोष आमच्याच पक्षाकडे जातो. २००८ सालीं टॉम प्रेस्टन-वर्नर यांनीं जेकिल काढलें तें संगणकतज्ज्ञांसाठीं, आणि पुढें आलेल्या बहुतेक यंत्रांनीं तीच सोवळी वृत्ति चालविली. या पंथांतील कित्येकांची तर तऱ्हाच न्यारी! दरवर्षीं एक यंत्र टाकून दुसरें घ्यावयाचें, आणि नवें कां घेतलें यावर एक लांबलचक लेख लिहावयाचा. त्यांच्या वेबसाइटीवर वेबसाइट कशी बांधली याखेरीज दुसरा विषयच सांपडत नाहीं. दुसरे कित्येक स्वतःची पानें छापील ठेवून अभिप्राय मात्र डिसकससारख्या परक्या कंपनीच्या हवालीं करतात. म्हणजे डेटाबेस घरांतून काढून शेजाऱ्याच्या घरीं नेऊन ठेवतात, आणि शेजाऱ्याच्या जाहिराती आपल्या भिंतीवर लावून घेतात. या मंडळींच्या भरीस पडून कोणीं आमच्या पक्षास येऊं नये.

तरी आक्षेपाचें उत्तर आहे. वर्डप्रेस एक बटण दाबून चालतें हें लिहिण्यापुरतें खरें. तें बसवितांना, बिघडल्यावर आणि हलवितांना जाणता लागतोच, आणि त्याला दरवर्षीं पैसे मोजावे लागतात. छापील पानांच्या पद्धतींत जाणता लागतो तो आरंभीं. शिवाय पब्लीसारखीं यंत्रें आतां आहेत, ज्यांत साध्या खिडकींत लिहावयाचें आणि एका बटणानें पानें बांधून घ्यावयाचीं. काळी चौकट पाहावीही लागत नाहीं. आणि यंत्र मेलें तरी? ऑक्टोप्रेस नांवाच्या यंत्राचा एके काळीं मोठा बोलबाला होता. आज त्याला कोणी वाली नाहीं. पण त्यानें बांधलेलीं पानें त्याच्याबरोबर सती गेलीं नाहींत. आणि मूळ मजकुराच्या फाईली दुसऱ्या यंत्रानें थोड्या डागडुजीनें वापरतां येतात. छापखाना बुडाला तरी पुस्तकें राहतात, हाच तो भेद.

ज्यांनीं आधींच वर्डप्रेसमध्यें पांच-दहा वर्षें लिहिलें आहे त्यांनीं घाबरून जाण्याचें कारण नाहीं, आणि उद्यांच सर्व मोडावें असेंही आम्ही म्हणत नाहीं. सिंप्ली स्टॅटिक या नांवाचें एक प्लगिन आहे. तें सबंध वेबसाइट चालून तिचीं पूर्ण झालेलीं पानें एका फोल्डरांत काढून देतें. घरांतील कोणातरी तरुणास दिवाळीच्या सुटींत बसवून तें करवून घ्यावें. फोल्डर उघडून, इंटरनेट बंद करून, दहा-बारा लेख प्रत्यक्ष वाचून पाहावे. चित्रें आलीं आहेत कीं नाहींत, जोडाक्षरें शाबूत आहेत कीं नाहींत, जुन्या लेखांत ती तीन परक्या अक्षरांची भुतावळ शिरली नाहीं ना, हें डोळ्यांनीं तपासावें. मग त्या फोल्डराच्या तीन प्रती कराव्या : एक आपल्या संगणकावर, एक निराळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गांवच्या मुलाकडे किंवा बहिणीकडे. डिस्कवर कागद चिकटवून त्यावर लेखकाचें नांव, वर्ष आणि "पहिलें पान या फाईलीनें उघडतें" असें त्या फाईलीचें नांव शाईनें लिहावें. नवीन लेखन मात्र आजपासून साध्या फाईलींत करावें, आणि प्रत्येक फाईलीच्या नांवांत तारीख आधीं घालावी, म्हणजे ती फोल्डरांत आपोआप क्रमानें लागते.